अनिकेत



आज गीतेचा बारावा अध्याय, १९वा श्लोक. त्यातला एकच शब्द दिवसभर डोक्यात फिरतोय : अनिकेत. ज्याचं घर नाही तो.

हा शब्द मला फार सोयीचा वाटायचा. वर्षभर रात्री जागून मी चाकांवरच्या छोट्या घरांचे व्हिडिओ बघतोय. छतावर सोलर, खाली पाण्याची टाकी, मोजकी भांडी. महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून तर खूळच. पुण्यातला फ्लॅट विकायचा, ईएमआय संपवायचा, निघायचं. एक्सेल शीट तयार. वर भागवताचा आधारही होताच. अकराव्या स्कंधात अवधूत सापाला गुरू मानतो, कारण तो स्वतःचं घर बांधत बसत नाही.

मे महिन्यात जळगावला गेलो. पारा ४५ च्या घरात. (पत्र्याच्या डब्यात एसीशिवाय दुपार काढायची म्हटलं तर सोलरचा हिशोब तिथेच कोलमडतो. आमची जुनी धाब्याची घरं, जाड मातीच्या भिंतींची, खरी इको-फ्रेंडली तीच.) बाबांनी कोयत्याला धार लावून आण म्हणून सांगितलं होतं. धुळ्याच्या रस्त्याला गाडीलोहारांचा तळ दिसला, थांबलो.

१५६८ मध्ये चितोड पडला, तेव्हा यांच्या पूर्वजांनी घरात न राहण्याची शपथ घेतली, असं हे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बैलगाडी हेच घर. १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेलं, शपथ पूर्ण झाली. घरं मात्र सगळ्यांना मिळाली नाहीत.

भाता चालवणाऱ्या आजीला मी उत्साहाने माझा प्लॅन सांगितला. ती हसली. "हौस चांगली हाये भाऊ. आम्हाले तर पोराच्या दाखल्याले पत्ता लागतो, तो नाही." मग कोयता हातात देताना सहज म्हणाली, "आन तुझे मायबाप कुठे झोपतीन?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात. शीटमध्ये बॅटरीपासून बादलीपर्यंत सगळं होतं, बाबांसाठी एक ओळसुद्धा नव्हती.

म्हणजे मला सोडायचं होतं ते घर, की घरातली माणसं? त्याच अकराव्या स्कंधावर टीका लिहिणारे नाथ महाराज पैठणला संसारात राहिले, दारी आलेल्याला जेवू घालत राहिले. त्यांना अनिकेत म्हणायचं की नाही? मला वाटतं, म्हणायचं. आणि साप तरी कुठे राहतो? दुसऱ्याने केलेल्या बिळात! माझी गाडीही कुणाच्या तरी जमिनीवरच उभी राहणार होती, कुणाच्या तरी नळावर टाकी भरणार होती. त्या आजीची गाडी जिथे उभी राहते तिथून तिला उठवतात. मला मात्र पार्किंगचे पैसे भरून राहता आलं असतं.

प्लॅन पूर्ण सोडलाय असं खोटं सांगणार नाही. व्हिडिओ अजून बघतो. काल रात्री बाबांना फोन करून विचारलं, पुण्याला येता का राहायला. म्हणाले, "तुझ्या त्या फ्लॅटात झोपायला धाबं आहे का?"