वेठ की ऋणफेड?

वेठ या शब्दाचा अर्थ डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांस कोशात शोधावा लागला नाही. जमीनदाराचे बोलावणे यावे, वारल्याने स्वतःचे शेत टाकून जावे आणि रिकाम्या हाताने परतावे, असा तेथील क्रम होता. १९४५ साली गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या साह्याने वारली लोक या जुलमाविरुद्ध उभे राहिले. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर होत्या. ज्या विद्येचा त्यांनी असा उपयोग केला, तिच्याच प्रवेशद्वाराशी आज एके ठिकाणी बिनमोबदला श्रम मागितले जातात. त्यांस वेठ म्हणावे काय, हा आमचा प्रश्न आहे.

अमेरिकेतील कायद्याच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळवू इच्छिणारे बहुतेक विद्यार्थी एलसॅट नामक परीक्षा देतात. त्यांत आपल्याकडील मुलेमुलीही असतात. ऑगस्ट २०२४ पासून तिच्या बहुपर्यायी प्रश्नांचे चार भाग असून प्रत्येकास ३५ मिनिटे मिळतात. पैकी तिहींचे गुण धरतात, चौथ्याचे धरीत नाहीत. तो तर्काचा किंवा वाचन-आकलनाचा असतो. परंतु गुण न धरावयाचा भाग नेमका कोणता, हे परीक्षार्थ्यास कळू देत नाहीत. त्यातील प्रश्न नवे असतात. पुढील परीक्षांत घालण्यापूर्वी ते संदिग्ध किंवा एखाद्या वर्गास जाचक तर नाहीत ना, हे त्यांवरून पारखले जाते. तो भाग आधीच उघड केला, तर तो मन लावून कोण सोडवील?

असा एक भाग आहे, हे मात्र आगाऊ जाहीर केलेले असते. म्हणून यास फसवणूक म्हणता येत नाही. तरीही शुल्क विद्यार्थ्याने भरावे, थकवा त्याने सोसावा आणि लाभ दुसऱ्यास व्हावा, हे मनास खटकते. अशा वेळी निष्काम कर्माचा उपदेश करण्याचा मोह होतो. पण जो फळ घेतो, त्यानेच दुसऱ्यास फळाची आशा सोडावयास सांगणे शोभत नाही. ‘विद्यार्थी स्वखुशीने परीक्षेस बसतो’ हे उत्तरही अपुरे आहे. आपल्या घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली. आणि १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गरजेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हेही सक्तीचेच श्रम होत. ज्यास दुसरा मार्ग नाही, त्याची संमती ती कसली?

मग भेद कोठे आहे? आमच्या मते तो श्रमाचा हिशेब कोणाच्या खाती पडतो यात आहे. वारल्याच्या वेठीने जमीनदाराचे कोठार भरे. त्यातील दाणा वारल्याकडे परतत नसे. येथे आजचा विद्यार्थी ज्या प्रश्नांवर तोलला जातो, ते कालच्या विद्यार्थ्यांच्या बिनमोल श्रमानेच शुद्ध झालेले असतात. त्याचे श्रम ही त्या ऋणाची फेड होय. अशी पारख न झाल्यास काय घडते, हेही आपण पाहिले आहे. आपल्याकडील क्लॅट परीक्षेतील काही प्रश्नोत्तरे सदोष निघाल्याने २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयास गुणयादी सुधारण्याचा आदेश द्यावा लागला. सदोष प्रश्नाचे प्रायश्चित्त तेथे विद्यार्थ्यांनी भोगले.

परंतु ऋणाच्या नावाने कितीही भार लादता येत नाही. मराठी शाळेत शिकलेला तलासरीचा मुलगा इंग्रजी प्रश्नपत्रिकेपुढे बसला, तर त्याची ती ३५ मिनिटे इंग्रजी शाळेतील मुलाच्या ३५ मिनिटांहून जड असतात. म्हणून तीन अटी आम्हांस आवश्यक वाटतात: असा भाग आहे हे प्रत्येकास समजेल अशा भाषेत आधी सांगावे, तो गरजेपुरताच असावा, आणि त्यातून मिळालेले ज्ञान प्रथम दुर्बळ विद्यार्थ्यावरील अन्याय दूर करण्याकडे लावावे. या अटी पाळल्या, तर त्या श्रमास वेठ म्हणणे अन्यायाचे होईल. न पाळल्या, तर वेठीहून निराळे नाव त्यास देण्याचा अधिकार परीक्षकास उरत नाही.