चकलीला भूक लागू दे

पावसाळ्यात सकाळी सहाला फोन वाजला की मी आधी चप्पल शोधतो. चंद्रपुरात सर्पमित्र म्हणून माझा नंबर चार-पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरत असतो. एवढ्या सकाळचा फोन म्हणजे कुणाच्या तरी बाथरूममध्ये धामण किंवा चपलांच्या रॅकखाली नाग, हे ठरलेलं. त्या दिवशी मात्र फोन डॅलसहून होता. मावसबहीण. तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ.

"दादा, एक साप दाखवायचाय," ती म्हणाली आणि तिने कॅमेरा फिरवला.

काचेच्या पेटीत एक गार्टर साप होता. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी चौकट, पाठीवरून फिकट पिवळा पट्टा. हा चौकटीवाला गार्टर टेक्ससचाच, आणि तिकडे तो पाळतात. कुणी तरी शहर सोडून जाताना तो हिला देऊन गेलं होतं. मादी होती. वेटोळं घालून बसते म्हणून हिने नाव ठेवलं होतं चकली.

"जाडी झालीय का रे?"

झाली होती. सापाचा लठ्ठपणा ओळखता येतो, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. साप वळला की वळणावर कातडीच्या घड्या पडतात. खवल्यांच्या मधली कातडी ताणून दिसायला लागते. शरीर शेपटीकडे हळूहळू निमुळतं व्हायला हवं, त्याऐवजी जाड पोट संपतं आणि एकदम बारीक शेपूट सुरू होते, जणू दुसऱ्याच सापाची जोडलीय. चकलीत तिन्ही गोष्टी होत्या. तरी मी आधी डॉक्टरकडे पाठवलं, कारण गार्टर अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, आणि मादी नराचं बीज बराच काळ शरीरात सांभाळून ठेवू शकते. लठ्ठ वाटलेली मादी गाभण निघू शकते, आणि तिला उपाशी ठेवलं तर पंचाईत. चकली गाभण नव्हती. नुसतीच खाऊन जाडी झाली होती.

काय खायला देतेस, विचारलं. आठवड्यातून तीनदा उंदराची पिल्लं, गोठवलेली आणून, कोमट करून. का, तर "ती मागते." ही खोलीत आली की चकली काचेशी येते, मान उंचावते, जीभ लपलपवते. "ती मला ओळखते दादा. मी आले की धावत येते."

हे ऐकून मी गप्प बसलो. ती तिथे एकटी राहते. काम घरूनच. दिवसभर जी माणसं बोलतात ती स्क्रीनवर, आणि त्यांतलं कुणी तिला बघून धावत येत नाही. मावशी रोज रात्री फोन करते आणि पहिला प्रश्न विचारते, "जेवलीस का?" आपल्याकडे माया दाखवायला एवढंच वाक्य आहे. "तुझी आठवण येते" असं मावशीच्या तोंडून मी कधीच ऐकलेलं नाही. ती जेवलीस का विचारते, त्यात सगळं आलं. माझ्या बहिणीने तोच प्रश्न सापाला विचारायला सुरुवात केली. आणि साप प्रत्येक वेळी म्हणत होता, नाही जेवले.

गोची नेमकी इथे आहे. सापाला "नको" म्हणता येत नाही. म्हणजे कात टाकताना, आजारपणात तो तोंड फिरवतो. पण धडधाकट गार्टरसमोर भक्ष्य आलं की बहुतेक वेळा तो खातोच. त्याच्या शरीराला एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेलीय: आज मिळालंय, उद्याचं सांगता येत नाही. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाची जागा आहे, तिथे दर वसंतात हजारो गार्टर जमिनीखालच्या चुनखडीच्या भेगांतून एकदम बाहेर पडतात. हिवाळाभर ते तिथे न खाता पडून असतात. उपास हा त्यांच्या वर्षाचाच भाग आहे. बर्मी अजगराचं तर याहून नवल. मोठं भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्याचं हृदय सुमारे 40 टक्क्यांनी वाढतं, आणि पचन संपलं की पुन्हा लहान होतं. आतडंही तसंच, काम असेल तेव्हा फुगतं, नसेल तेव्हा आक्रसतं.

म्हणून चकली मान उंचावते तेव्हा ती काय म्हणते? माझ्या मते ती एक अंदाज सांगते: उद्या कदाचित मिळणार नाही. तळ्याकाठच्या जगात हा अंदाज बरोबर असतो. काचेच्या पेटीत तो साफ चुकीचा आहे, कारण उद्या नक्की मिळणार आहे, परवाही मिळणार आहे. तिच्या जुन्या जगातली भूक तिच्यासोबत पेटीत आली, ते जग मात्र बाहेरच राहिलं. मग तिचं "हो" खरं धरायचं का?

मी बहिणीला हे एवढं सगळं बोललो नाही. मी म्हटलं, तू तिला मारते आहेस. वाईट बोललो. ती फोन ठेवून रडली, हे मला मावशीकडून कळलं.

आणि बोललो ते कुठल्या तोंडाने, हाही प्रश्नच. मी बारा वर्षांचा असताना हाच गुन्हा केलाय. आमचं गाव मूल तालुक्यात. झाडीपट्टीत शेताला लागून बोडी असते, म्हणजे छोटं तळं, तिच्या पाण्यावर धान पिकतो. आमच्या बोडीत पाणसाप भरपूर. पुस्तकात त्याला विरोळा किंवा दिवड म्हणतात. बिनविषारी, अंगावर चौकटी, खातो मासे आणि बेडूक, आणि पकडला तर कडकडून चावतो. चकलीचा हा दूरचा नातलगच. दोघांना शास्त्रज्ञ एकाच उपकुळात घालतात. फक्त आपला विरोळा अंडी घालतो. असा एक विरोळा मी मासोळीच्या जाळीतून सोडवला आणि घरी आणून सिमेंटच्या पडक्या टाक्यात ठेवला. भारतातला साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माहीत असतं तरी ठेवला असता.

बांधीत बेडकांचा सुकाळ होता. मी शाळेतून आलो की डबा घेऊन निघायचो. रोज दोन बेडूक, कधी तीन, वर मासोळ्या. पोरं बघायला यायची. विरोळ्याने बेडूक धरला की मी दिग्दर्शकासारखा बाजूला उभा. त्याचं पोट दिवसेंदिवस गोल होत होतं आणि मला वाटायचं, ही माझी कमाई. आजोबा एकदा टाक्याशी उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "त्याले भूकच नाही लागू देत तू. मंग तो साप कायचा?"

दिवाळीनंतर त्यांनीच तो उचलून बोडीत सोडला. मी दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी विरोळा बोडीच्या पाळीवर मेलेला दिसला. कशाने मेला, हे मला आजही सांगता येत नाही. घारीने टोचला असेल, आधीपासून आजारी असेल. पण एक दृश्य डोक्यातून जात नाही: सोडल्यावर तो पाण्यात शिरलाच नव्हता. काठाशी पडून होता. माझ्या मनाने तेव्हापासून ठरवून टाकलंय की तो डब्याची वाट बघत होता. हे खोटंही असेल. अपराधी माणूस असल्या गोष्टी रचतो.

खाऊ घालण्याकडे आपण नेहमी पुण्याच्या बाजूने बघतो. भूतदया म्हटलं की डोळ्यांसमोर हात येतो आणि हातात घास. नागपंचमीला गारुडी तहानलेला नाग घेऊन दारात येतो, आपण वाटीभर दूध ठेवतो. नाग ते पितो कारण त्याला पाणी मिळालेलं नसतं. दूध पचवायची त्याच्याकडे सोय नाही. वाटी रिकामी झाली की घरातले समाधानाने हात जोडतात. भूक कुणाची भागली?

आमच्याकडे या प्रश्नाचं सगळ्यात अवघड रूप गडचिरोलीत भामरागडजवळ हेमलकशाला आहे. 1973 च्या डिसेंबरात तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. जंगलात फिरताना डॉ. प्रकाश आमटे यांना माडिया शिकारी भेटले. त्यांनी माकडीण मारली होती आणि तिचं जिवंत पिल्लू अजून तिला बिलगलेलं होतं. आमट्यांनी ते मागून घेतलं, आणि तिथून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. ही गोष्ट महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे, पण सांगताना तिचा पहिला अर्धा भाग आपण भरभर उरकतो. ते शिकारी क्रूर नव्हते, उपाशी होते. त्या पिल्लाच्या अनाथपणाच्या मागे माणसाची भूक उभी होती. आणि पुढची अडचण अशी की असं हातावर वाढलेलं बिबट्याचं पिल्लू मोठं झालं की त्याला जंगलात सोडता येत नाही. शिकार कशी करायची हे आईने शिकवायचं असतं. घास भरवता येतो, शोधायला शिकवणं माणसाच्या हातात फारसं नाही. म्हणून मग आयुष्यभर भरवणं आलं. त्या पिल्लाला मरू द्यायला हवं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण वाचवणाऱ्याच्या माथ्यावरही एक कर्ज चढतं, आणि ते नुसत्या अन्नाने फिटत नाही.

मार्था नुसबॉम या अमेरिकी तत्त्वचिंतक बाईंचं म्हणणं असं की प्राण्याला वेदना झाली नाही एवढ्याने न्याय पुरा होत नाही. त्याला त्याच्या जातीचं आयुष्य जगायला मिळालं का, हे बघायला हवं. हिंडणं, खेळणं, आपल्या भोवतालावर थोडा ताबा असणं. मला हे पटतं, आणि पटतं म्हणूनच चकलीच्या बाबतीत कोड्यात पडायला होतं. तिच्या जातीचं आयुष्य म्हणजे ओल्या गवतातून सरपटणं, गांडूळ शोधणं, दहादा चुकणं, घारीला घाबरणं. यातलं काय देता येईल डॅलसच्या फ्लॅटमध्ये? सोडून दे म्हणावं तर पेटीत जन्मलेल्या सापाचं बाहेर काय होईल याची खात्री नाही, शिवाय पाळीव सापाचा रोग रानातल्या सापांना लागू शकतो. म्हणजे तीही सुटका नाही.

आठवड्याने मीच फोन केला. माफी मागितली, पण तोंडातल्या तोंडात, दादा लोक मागतात तशी. मग आम्ही डॉक्टरने सांगितलेलं घेऊन बसलो. एकदम उपाशी ठेवायचं नाही. लठ्ठ सापाची चरबी आपल्यासारखी कातडीखाली नसते, पोटाच्या पोकळीत लांबट गाद्यांसारखी असते, आणि अचानक उपास घडला तर ती यकृतावर येते. हळूहळू अंतर वाढवायचं: पाच दिवस, सात, मग दहा. उंदराऐवजी गांडुळं आणि मासे, पण गोल्डफिश नाही, त्याने ब-1 जीवनसत्त्वाची कमतरता होते. पाणी मात्र कायम. पेटी मोठी घ्यायची, आत फांद्या, दगड, पालापाचोळा. आणि व्यायाम.

सापाचा व्यायाम या शब्दावर आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो. बाथटबमध्ये कोमट उथळ पाणी घालून पोहायला सोडायचं, शेजारी बसून राहायचं. "म्हणजे हिला जिम लावायची," ती म्हणाली. हसू आलं, पण मीही रोज संध्याकाळी पैसे भरून ट्रेडमिलवर चालतो, आणि माझे आजोबा जन्मभर बांधीच्या धुऱ्यावरून चालले ते फुकट. चालण्यातून कारण काढून घेतलं की उरतो तो व्यायाम. म्हणून मी बहिणीला म्हटलं, टबपेक्षा दुसरं कर. खाणं चिमट्याने तोंडाशी देऊ नकोस. पेटीत कुठे तरी लपव, दर वेळी वेगळीकडे. थाळीत उथळ पाणी घालून त्यात मासा सोड. तिला शोधू दे.

सगळ्यात जड गेलं ते मधल्या दिवसांत. चकली काचेशी यायची, मान उंचावायची, आणि हिने काहीच द्यायचं नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तिचे मला अकरा मेसेज आले, सगळे एकाच अर्थाचे: बघते रे माझ्याकडे. मी लिहिलं, दुसऱ्या खोलीत बसून काम कर. तिने टेबल हलवलं. मग एक दिवस लिहिलं, "ती मला ओळखत नव्हती ना? फक्त खाणं ओळखत होती." मी बराच वेळ टाइप करून पुसत राहिलो. शेवटी "माहीत नाही" एवढंच पाठवलं.

परवा पाच महिने झाले. वळणावरच्या घड्या गेल्यात, शेपूट आता चकलीचीच वाटते. तिने एक व्हिडिओ पाठवला, बावीस मिनिटांचा, मी तो पूर्ण बघितला. चकली पेटीभर फिरते. दगडाखाली जाते, फांदीवर चढते, पडते, पुन्हा पाल्यात शिरते. गांडूळ डाव्या कोपऱ्यात आहे, ते मला दिसतंय, तिला नाही. दोनदा ती अगदी जवळून निघून जाते. कॅमेरा हलत नाही, कुणी बोलत नाही. शेवटी ती दगडाखाली वेटोळं करून बसते आणि व्हिडिओ संपतो.

खाली बहिणीने लिहिलं होतं, "आज नाही सापडलं तिला. मी नाही दाखवलं." आणि थोड्या वेळाने दुसरा मेसेज, "तू जेवलास का?"