माळावरची खोकड, दारातला कुत्रा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर रात्री खोकड किडे-उंदीर टिपत हिंडते. गावातली कुत्रीही त्याच वाटांनी फिरतात. कुत्र्याची चाहूल लागली की खोकड काढता पाय घेते. पण कुत्रा जिथे विष्ठा टाकून गेला, तिथे ती नंतर हुंगते. कुत्र्यांना होणाऱ्या पार्वो या रोगाच्या विषाणूला एवढी ओळख पुरते.

अनिरुद्ध बेलसरे या पशुवैद्याने मिसूरी विद्यापीठातल्या पीएच.डी.साठी हाच माळ निवडला. कुत्र्यांचे आणि खोकडांचे रक्त तपासले, तेव्हा बहुतेक कुत्र्यांमध्ये पार्वो आणि डिस्टेंपर या दोन विषाणूजन्य रोगांची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे ती या रोगांतून तगून आली होती. खोकडांपैकी सुमारे निम्म्यांत पार्वोची आणि त्याहून बऱ्याच कमींत डिस्टेंपरची प्रतिपिंडे सापडली. कुत्र्यांच्या अंगवळणी पडलेले रोग खोकडांपर्यंतही पोचले होते.

मग कुत्र्यांना लस टोचा, असे कुणीही म्हणेल. संशोधकांनी गावांत टोचूनही पाहिली. पण रोगातून तगलेल्या कुत्र्याला लस देऊन फारसे साधत नाही. विषाणूला दरवर्षी नवा आसरा मिळतो तो आईच्या दुधाचे संरक्षण ओसरलेल्या पिल्लांत. ती सुटली, तर गाव टोचल्याचे समाधान मिळते आणि रोग जिथल्या तिथे राहतो.

अशा संशोधनाचे मोल मला इथे दिसते. चांगला हेतू आणि खरा उपाय यांत अंतर असते, आणि ते मोजायला कुणीतरी उमेदीची वर्षे द्यावी लागतात. न मोजता बसलो तर काय होते, याची धास्ती गीरच्या जंगलाने दिली आहे. 2018च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांच्यातल्या काहींत डिस्टेंपरचा विषाणू सापडला.

आपल्याकडे कुत्र्यांवर माया करणारे आणि रानावर जीव असणारे एकमेकांशी भांडतात. पण पार्वोने उकिरड्यावर तडफडणारे पिल्लू आणि माळावर मरून पडलेली खोकड यांचे दुःख एकच आहे. त्यातल्या एकावरच माया करून भागणार नाही. म्हणून माळाशेजारी राहणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: दारातल्या पिल्लाला वेळेवर लस द्या आणि रात्री कुत्रा बांधून ठेवा. खोकडीचे आरोग्य तुमच्या अंगणात सुरू होते.