मुंबईकरांचं मंडळ आणि बोस्टनचं बोर्ड

गिरण्या चालू होत्या तेव्हा चिंचपोकळी-लालबागच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत वीस-पंचवीस गडी, पाळीप्रमाणे झोपणारे, फळीवर ट्रंकांची रांग. महिन्यातून एकदा त्याच खोलीत ग्रामस्थ मंडळाची बैठक बसे. गावच्या देवळाचं छप्पर, शाळेची नवी खोली, पालखीचा खर्च, सगळं तिथे ठरायचं. वर्गणी मुंबईची, पावतीपुस्तक मुंबईचं, म्हणून शाळेची खोली वरच्या वाडीत बांधायची की खालच्या, हेही मुंबईतच ठरे. गावातला माणूस जागा दाखवी, गवंडी शोधी आणि पत्राची वाट बघत बसे. मंडळात दोन तट पडले की गावातल्या भिंती अर्ध्यावर राहत. भांडणाचं कारण गावाला पुष्कळदा कळायचंसुद्धा नाही.

हे ज्याने पाहिलं आहे, त्याला परदेशी चर्च आणि मराठी मुलखातल्या ख्रिस्ती मंडळ्या, शाळा, दवाखाने यांचं नातं निराळं समजावून सांगायला नको. तिथे मुंबईच्या जागी बोस्टन, एडिंबरा, फिलाडेल्फिया होतं.

या विषयावर आपल्याकडे दोन तयार मतं असतात. एक म्हणतं, पैसे चारून माणसं बाटवली. दुसरं म्हणतं, कोणी केलं नाही ते त्यांनी केलं, शाळा काढल्या, रोग्यांना हात लावला. दोन्ही मतांत घेणारा माणूस बसून असतो. त्याला एक तर फसवलं जातं किंवा तारलं जातं. तो काही ठरवतो, नाकारतो, घासाघीस करतो, हे दोघांच्याही हिशेबात नाही. धर्मांतराचा प्रश्न बाजूला सारावा असं मी म्हणत नाही. मिशनरी त्यासाठीच आले होते आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पण लोकही गप्प बसले नाहीत. 1839 साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पालकांनी पोरं काढून घेऊन वर्ग ओस पाडले. नकार द्यायची ताकद असणारा समाज कसा वागतो ते तेव्हा दिसलं. मला कुतूहल आहे ते नकार देणं ज्यांना परवडत नव्हतं त्यांचं.

सुरुवात 1813 ची. त्या वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मुंबईत उतरले. ब्रिटन-अमेरिका युद्ध चालू असल्याने त्यांना परत धाडण्याचीच तयारी झाली होती. ते टिकले, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. छापखाना, मुलींच्या शाळा, पुढे 1831 पासून अहमदनगरचं मोठं काम, 1842 पासून ‘ज्ञानोदय’. या सगळ्याची थैली बोस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेच्या हातात होती. ती न्यू इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चांतून भरायची, आणि देणारे बहुतेक शेतकरी, दुकानदार, विधवा. त्यांनी मुंबई कधी पाहिली नव्हती.

आता गंमत बघा. ही सूत्रं दूरच्या हातात असण्याचा जाच साम्राज्याच्या कारस्थानापेक्षा देणाऱ्यांच्या घरगुती भांडणांतून अधिक झाला. 1843 साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. वाद कशाचा? गावचा पाद्री कोणी नेमायचा याचा. जमीन आणि पैसा ज्याचा त्या जमीनदाराने, की तिथल्या मंडळीने? मंडळीचा हक्क मानणाऱ्यांनी बाहेर पडून फ्री चर्च स्थापन केलं. मुंबईतले विल्सन आणि त्यांचे सहकारी याच बाजूने गेले. पण इमारती जुन्या चर्चच्या मालकीच्या. गिरगावात आंबरोलीला असलेल्या शाळेला बिऱ्हाड हलवावं लागलं. तीच संस्था पुढे विल्सन कॉलेज झाली आणि 1889 साली चौपाटीसमोरच्या आजच्या इमारतीत गेली. पैसेवाल्याने मंडळीच्या डोक्यावर बसू नये, या तत्त्वासाठी स्कॉटलंडमध्ये लोकांनी घरंदारं सोडली. त्या तत्त्वावर चाललेल्या भांडणात गिरगावच्या पोरांना मात्र कोणी विचारलं नाही.

दुसरं उदाहरण बोस्टनचं. अमेरिकन बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन हे विचाराने काळाच्या पुढे होते. इथली चर्च स्वतःच्या पायावर उभी राहावीत, स्वतःचा कारभार करावा, स्वतः प्रचार करावा, असं ते हिरिरीने मांडत. 1854-55 मध्ये ते स्वतः मराठी मुलखात आले. इंग्रजी शिक्षणावर फार पैसा जातो, तो आवरून मराठीतून शिकवा आणि गावोगावच्या मंडळ्यांसाठी देशी पाळक तयार करा, असा त्यांचा आग्रह होता. धोरण म्हणून त्यात तथ्य आहेच. पण मुंबई-नगरच्या पोरांना इंग्रजी हवी होती, कारण नोकरी इंग्रजीत होती. स्वावलंबी व्हा, हा हुकूम बोस्टनहून आला आणि पाळावा लागला.

तिसरं तर जवळजवळ नाटक आहे. रॉबर्ट अॅलन ह्यूम हे 1847 साली मुंबईतच जन्मले. घराणं मिशनऱ्यांचं. त्यांचे भाऊ एडवर्ड यांनी भायखळ्यात शाळा चालवली आणि तिथल्या हायस्कूलला आजही ह्यूम यांचंच नाव आहे. रॉबर्ट नगरला होते. 1886 च्या सुमारास रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी एका जुन्या वादात तोंड घातलं. ख्रिस्ताचं नावही न ऐकता जे मेले, त्यांना मृत्यूनंतर एखादी संधी मिळेल का? मिळू शकेल असं मानायला ह्यूम तयार होते. बोर्डातल्या कडव्यांना ते पटेना, आणि त्यांना नगरला परत पाठवायचं की नाही यावर खल सुरू झाला. अखेर 1887 मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या कुणाच्या आज्या-पणज्यांचं परलोकात काय झालं असेल, यावर मॅसॅच्युसेट्समध्ये वाद चालला होता आणि इथलं काम त्यावर टांगलेलं होतं. ज्यांच्या आज्या, त्यांचं मत कोणीही मागवलं नव्हतं.

अशा व्यवहारात अहवाल जन्माला येतात. अहवाल हा साहित्यप्रकार म्हणून अभ्यासण्यासारखा आहे. 1900 च्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेराल्ड’ने वाचकांकडून पैसा जमवला आणि मक्याने भरलेलं ‘क्विटो’ जहाज मुंबई बंदरात आलं. त्या धान्याने माणसं जगली, यात शंका नाही. अनाथ पोरांसाठी दूरच्या देणगीदारांनी वर्षाची रक्कम लावून घेतली. त्यांच्याकडे पोरांचे फोटो जात, खुशालीची पत्रं जात. ज्या वर्षी दुष्काळ त्या वर्षी थैली जड, आणि सुगीच्या वर्षी हलकी. मग लिहिणाऱ्याची लेखणी आपोआप कुठे वळेल? मुलूख जितका अंधारात दाखवावा तितका दिवा लावायला पैसा. हे लिहिणारे खोटारडे नव्हते. पण आपल्याविषयी दुसऱ्याने त्याच्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेलं वाचणं हा अनुभव कोणालाच सुखाचा नसतो. आजही मदत मागणारी कुठलीही संस्था, चर्चची असो वा नसो, अंगणात हसणाऱ्या पोरापेक्षा रडणाऱ्या पोराचाच फोटो आधी निवडते.

या जाळ्यात राहून आपलंच म्हणणं चालवणारी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. 1887 साली बोस्टनमध्ये त्यांच्यासाठी असोसिएशन स्थापन झालं आणि दहा वर्षं पैसा पुरवण्याचं ठरलं. 11 मार्च 1889 रोजी चौपाटीवर शारदासदन ही त्यांची शाळा उघडली. स्वतः ख्रिस्ती असूनही शाळेत धर्म शिकवायचा नाही ही अट त्यांनी मान्य केली. त्याआधी इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांशी त्या पत्रांतून कडाडून भांडल्या होत्या, कारण आपण काय मानायचं हे दुसऱ्याने ठरवलेलं त्यांना चालत नव्हतं. पुढे सदन पुण्याला गेलं, मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ झाला आणि 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसह सल्लागार मंडळाने अंग काढून घेतलं. त्या वादात कोण बरोबर होतं यावर अजूनही कागद काळे होतात. माझं लक्ष जातं ते सदनातल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एकीकडे, गोदूबाई जोशींकडे. या बालविधवेचं 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. 1896 मध्ये कर्व्यांनी विधवांच्या आश्रमासाठी मंडळी स्थापन केली. बोस्टनच्या पैशातून शिकलेली बाई कर्व्यांच्या घरात होती आणि आश्रम मात्र दारोदार फिरून इथल्याच लोकांच्या वर्गणीवर उभा राहिला.

नमुना बाहेरचा, काम आपलं, हे जोतिबा फुल्यांनीही केलं होतं. स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली. सिंथिया फरार 1827 पासून या मुलखात होत्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित बायकांपैकी त्या एक. ती शाळा पाहून जोतिबांनी 1848 मध्ये पुण्यात स्वतःची काढली. नमुना घेतला, मालकी घेऊ दिली नाही. मला वाटतं, परदेशी चर्चच्या कामाचं सगळ्यात मोठं फळ त्यांच्या स्वतःच्या वह्यांत नोंदलेलं नाही. बाप्तिस्म्यांचे आकडे त्यांनी काटेकोर ठेवले. पण त्यांची शाळा पाहून परत जाणारा, त्यांच्याकडून पै न घेणारा माणूस कुठल्या रकान्यात लिहिणार?

आतल्या माणसांनाही हे जाचत होतं. कवी नारायण वामन टिळक 1895 साली मुंबईत ख्रिस्ती झाले, वर्षानुवर्षं अमेरिकन मिशनमध्ये पगारावर राहिले आणि ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग सांभाळला. 1917 मध्ये त्यांनी तो पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. परदेशी पैशाशिवाय, या मातीतला ख्रिस्ती धर्म, अशी ती कल्पना होती. 1919 मध्ये ते वारले आणि दरबार फार चालला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार आधीच ओढाताणीचा होता, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. कवीच्या स्वावलंबनाची किंमत घरातल्या बाईने मोजली, हेही त्याच हिशेबात मांडायला हवं.

चिंचपोकळीहून भायखळा ओलांडून गेलं की नागपाडा. याच अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट या शिकागोच्या माणसाने 1920 च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहुड हाऊस उघडलं. मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, हिंदू अशी भिंतीला भिंत लावून राहणारी वस्ती. वर्ग, वाचनालय, खेळाची जागा, आणि कोणाला ख्रिस्ती करण्याची अट नाही. बोस्टनच्या देणगीदारांना हे पचवायला जड गेलं असेल. 1936 मध्ये याच घरात सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशाने समाजकार्याची शाळा सुरू झाली, पहिले संचालक मॅनशार्टच. पुढे संचालकपद जे. एम. कुमारप्पांकडे आलं, 1944 मध्ये शाळेचं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं आणि नंतर ही संस्था देवनारला गेली. तिथे शिकणाऱ्या कितीजणांना नागपाड्याचं हे मूळ माहीत असेल? नसलं तरी मला त्यात कमीपणा दिसत नाही. थैली बदलली, संचालक बदलला, मिशन मागे राहिलं आणि काम वाढलं.

दवाखान्याचं असं सहज होत नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं. इमारतीचा पैसा फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांचा, रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या बाल्डविन कारखान्यातला. बांधायला देणारा भेटतो, कारण भिंतीवर पाटी लागते. रोजची औषधं, परिचारिकांचे पगार, गळणारी मोरी यांना पाटी लागत नाही. शाळेला फळा आणि मास्तर पुरतात. रुग्णालयाचं यंत्र दहा वर्षांत जुनं होतं आणि समोर खाजगी रुग्णालय उभं राहतं. परदेशी डॉक्टर घरी गेले आणि मोठाल्या कंपाउंडची मालकी इथल्या विश्वस्तांकडे आली, तेव्हा जमीन सोन्याची झाली होती आणि तिजोरी रिकामी. अशा ठिकाणी कोर्टाच्या तारखा वाढतात. याचा सगळा दोष परदेशी बोर्डांना देता येणार नाही. पण पाऊणशे वर्षं हिशेबाला हात लावू न देता एका दिवसात किल्ल्या देणं, हेही शहाणपणाचं नव्हतं.

कागदावर बरोबरी केव्हाच आली. 1947 मध्ये कॅनडात व्हिटबीला भरलेल्या मिशन परिषदेने जुनी-नवी चर्च आता सहकारी आहेत, असं मान्य केलं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चांचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि मुंबई-नगरच्या जुन्या मंडळ्या त्यात आल्या. पुढच्याच वर्षी केनियाच्या जॉन गाटू यांनी थेट सुचवलं की मिशनरी आणि पैसा दोन्ही काही काळ थांबवा, आम्हाला श्वास घेऊ द्या. आपल्याकडे थांबवण्याचं काम सरकारने हाती घेतलं. परदेशी देणग्यांचा कायदा 1976 साली आणीबाणीत आला, 2010 मध्ये नव्याने झाला आणि 2020 च्या दुरुस्तीने आणखी आवळला. आता पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका शाखेतच यायचा, कार्यालयीन खर्च वीस टक्क्यांच्या वर नाही, आणि एका संस्थेने घेतलेला पैसा दुसरीला द्यायचा नाही. शेवटच्या अटीने सगळ्यात जास्त मारले गेले ते छोटे. मोठ्या कार्यालयाकडून तालुक्याच्या दवाखान्याला जाणारी वाटच बंद झाली. ठरवणारे हात पुन्हा दूरचेच, फक्त आता बोस्टनऐवजी दिल्लीचे.

घरच्या पैशाचंही एक उदाहरण आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सुगीचा सण असतो. लोक भाजी, नारळ, कोंबडी, घरचे लाडू आणून ठेवतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. दुधीभोपळा पाचशेला जातो. घेणारा तो परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लागते, हसणं-खिदळणं चालू असतं, आणि निवृत्त मास्तर खुन्नसने वर चढवत जातात. त्या पैशात रुग्णालय उभं राहत नाही, तसा दावाही कोणी करत नाही. पाळकाचा पगार आणि छताची डागडुजी भागते. आणि पुढच्या कमिटीच्या बैठकीत दुधी घेणारा मास्तर पहिल्यांदा उठून हिशेबाची वही मागतो.