चित्र आणि साक्ष

मूर्ती घडवून तिच्यापुढे वाकू नये, ही दुसरी आज्ञा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तरीही अग्निरथातल्या एलियाहू हन्नाबींचे चित्र आपल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर मानाने लावलेले असते. त्याला फोटो कोणी समजत नाही. आपण चित्र आहोत हे ते चित्र स्वतःच सांगते. ऑनलाइन खेळांतली चित्रे रंगवलेली, कार्टूनवजा असावीत की फोटोसारखी हुबेहूब, या वादाकडे आम्ही याच नजरेने पाहतो.

सौदी अरेबियाचे उदाहरण घ्या. तेथील धर्मपंडितांनी २००१ साली पोकेमॉनचे खेळ आणि पत्ते निषिद्ध ठरविले. जुगाराचा दोष दिला गेलाच. शिवाय पत्त्यांवर सहा कोनी तारा म्हणजे झायोनिस्टांचे चिन्ह आहे, असाही आरोप झाला. रेघांच्या चित्रात ज्याला जे शोधायचे ते सापडते! पुढे २०२३ साली त्याच देशाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या सॅव्ही गेम्सने स्कोपली ही कंपनी ४.९ अब्ज डॉलरना घेतली, आणि २०२५ साली स्कोपलीने ३.५ अब्ज डॉलर मोजून ‘पोकेमॉन गो’ मिळविला. रियाधला २०२४ साली भरलेल्या ईस्पोर्ट्स विश्वचषकात कार्टूनवजा फोर्टनाइट आणि वास्तवाकडे झुकणारा काउंटर-स्ट्राइक, दोन्ही खेळले गेले.

हुबेहूब चित्राचे कैवारी म्हणतात, गोळी लागली तर रक्त दिसले पाहिजे. फोर्टनाइटमध्ये हरलेला गडी रक्ताविना नाहीसा होतो. ही मुलांची फसवणूक नव्हे काय? यात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो.

पण दुसरे पारडे अधिक जड आहे. ‘आर्मा ३’ या लष्करी खेळातील दृश्ये २०२२ साली युक्रेनच्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएल-गाझाच्या खऱ्या युद्धाची म्हणून पसरविली गेली. ती कशी ओळखावीत, हे खेळ बनविणाऱ्या चेक कंपनीलाच नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले होते. ज्या घरचा मुलगा आघाडीवर आहे, त्या घरात अशी एक चित्रफीत काय अनर्थ करील, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

हे पाप पसरविणाऱ्याचे, चित्रकाराचे नव्हे, हे खरे. पण पसरविणाऱ्याच्या हाती हत्यार आले ते हुबेहूबपणामुळेच. पोकेमॉनच्या चित्राचा कोणी विपरीत अर्थ लावील. युद्धाचा पुरावा म्हणून ते कोणाला पुढे करता येणार नाही.

म्हणून आमचा कौल रंगवलेल्या चित्राला आहे. मात्र एका अटीवर. रक्त दिसले नाही म्हणून मरण हलके होत नाही, हे आईवडिलांनी आणि आजी-आजोबांनी मुलांना समजावून सांगावे. आणि हाती आलेली प्रत्येक चित्रफीत पुढे धाडण्यापूर्वी आपण मोठ्यांनी क्षणभर थांबावे. चित्रांच्या बाबतीत दुसऱ्या आज्ञेची चर्चा पुष्कळ झाली. आता खोटी साक्ष देऊ नये, या नवव्या आज्ञेची आठवण ठेवण्याचे दिवस आले आहेत.