चिकावर पहिला हक्क कोणाचा?

म्हैस व्याली म्हणजे घरात आनंद होतो व शेजारीपाजारी खरवसाची वाट पाहू लागतात. त्या चिकावर पहिला हक्क कोणाचा, हे मात्र कोणी विचारीत नाही. धन्याने वैरण घातली, पेंड चारली, तेव्हा दूध त्याचे, असे म्हणता येईल. आणि दुधाविषयी ते काही अंशी खरेही आहे. परंतु चिकाची गोष्ट निराळी. मनुष्याच्या बालकास रोगाशी झगडण्याचे काही बळ मातेच्या उदरातच मिळते; गाईम्हशींच्या पिलांस ते वारेतून पोहोचत नाही. ते चिकात असते, आणि ते रक्तात घेण्याची आतड्यांची शक्ती तासागणिक घटत सुमारे २४ तासांत नाहीशी होते. म्हणून पहिल्या दोन तासांतच पाजावे, व दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात जावा; ३० किलोच्या पारडास ३ लिटर. वार पडेपर्यंत पाजू नये, ही समजूत घातक होय.

रेडकू झाले म्हणजे तर हात अधिकच आखडतो. त्याचा उपयोग काय, असे म्हणतात. जणू उपयोगावरूनच भूक ठरते! दूध आज कमी पाजले तर उद्या भरून देता येईल; चिकाचे देणे फेडण्यास दुसरा दिवस नाही. पारडू मेल्यास पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात हेही खरे. पण तो लाभाचा हिशेब झाला, आम्ही तो मागे ठेवितो.

खरवस करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. उरेल त्याचा खुशाल करावा, शेजाऱ्यांसही वाटावा. फक्त पातेले पारडाच्या मागून गोठ्यात न्यावे.