चांगली तर दिसून राहिली

गांधीबागेत धडधाकट माणसालाही सरळ चालता येत नाही. सेंट्रल अॅव्हेन्यू सोडून आत वळलं की ठोक कापडाच्या पेढ्या सुरू होतात. माल उतरवणाऱ्या हातगाड्या, आडव्या लावलेल्या दुचाक्या आणि डोक्यावर गाठ घेऊन ‘बाजू, बाजू’ म्हणत येणारे हमाल यांच्यामध्ये जी फट उरते, तिला इथे रस्ता म्हणतात. माझा आतेभाऊ तरुणपणापासून या बाजारात मुनीमगिरी करतो. लहानपणी पोलिओनं त्याचा डावा पाय गेला. बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर तो पेढीच्या दारापर्यंत नेतो. खरी कसरत तिथून पुढे असते.

पेढीच्या इमारतीला उतार आहे. एक फूट चढायचं तर उतार बारा फूट लांब हवा, असा याचा साधा नियम. बाजारातले बहुतेक उतार रात्री दुचाकी आत घेण्यापुरते केलेले असतात, दोन फुटांच्या ओट्याला जेमतेम चार फुटांचे. हा त्यांच्यापेक्षा बरा आहे, त्याला लोखंडी कठडाही आहे. पण सकाळी माल आला की त्यावरून गाठी चढू लागतात. आतेभाऊ एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं कुबडी धरून खाली उभा राहतो. हमाल त्याला रोज पाहतात, मानतात. ‘थांबा मुनीमजी, एवढ्या चार गाठी निघू द्या,’ असं अदबीनं सांगतात. त्या चार झाल्या की आणखी चार येतात. ‘उतार माह्यासाठी बांधला, पण चढून राहिला कपडा,’ असं तो हसत म्हणतो. पाठीवर ओझं घेतलेल्या माणसाला पायरीपेक्षा उतार सोपा, हे त्यालाही कळतं. म्हणून तो कुणावर चिडत नाही.

दिव्यांगांच्या सोयींचा गैरवापर म्हटलं की आपल्याला खोटं प्रमाणपत्र मिळवणारा ठक आठवतो. पण या गोष्टीचं एक टोक त्या ठकापाशी असलं, तरी दुसरं टोक अशा सज्जनांच्या गर्दीत असतं. ११ डिसेंबर २०२२ ला सीताबर्डी ते प्रजापतीनगर हा मेट्रोचा टप्पा सुरू झाला आणि अग्रसेन चौक, चितार ओळी चौक अशी स्थानकं गांधीबागेच्या अंगाशी आली. उंचावरच्या स्थानकाला लिफ्ट आहे, अंधांसाठी जमिनीत उठावाच्या पट्ट्या आहेत. सणासुदीच्या खरेदीच्या दिवसांत त्या लिफ्टसमोर उभं राहून पाहावं. लग्नाच्या बस्त्याच्या पिशव्या सांभाळणारी कुटुंबं, फोनमध्ये डोकं घातलेली पोरं, गुडघे धरलेल्या आजी. लिफ्ट सगळ्यांसाठीच आहे, त्यामुळे यातलं कुणी नियम मोडत नाही. फक्त ज्याला सरकता जिना आणि साधा जिना दोन्ही बंद आहेत, तो तिसऱ्या फेरीत वर जातो. ज्यांना तीन वाटा आहेत त्यांनी एकच वाट असलेल्याची वाट अडवायची, ही गैरवापराची सगळ्यांत साधी आणि बिनगुन्ह्याची तऱ्हा.

गुन्ह्याची तऱ्हा महाराष्ट्रानं २०२४ च्या पावसाळ्यात घराघरांत चघळली. परिविक्षाधीन आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांची पुण्याहून आमच्या विदर्भात, वाशीमला बदली झाली आणि त्यांच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांची चर्चा सुरू झाली. ३१ जुलैला केंद्रीय लोकसेवा आयोगानं त्यांची उमेदवारी रद्द केली. ओळख बदलून परीक्षेचे ठरलेल्यापेक्षा जास्त प्रयत्न केले, हे आयोगानं दिलेलं कारण. खेडकर यांनी आरोप नाकारले, प्रकरण न्यायालयात गेलं. त्याचा निवाडा आपण करायचा नाही. पण त्यानंतर दिव्यांगत्वाच्या प्रत्येक दाखल्याकडे लोक वाकड्या नजरेनं पाहू लागले, हे खरं.

खोट्या दाखल्याला बाजार का असतो, हे समजायला अवघड नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. चाळीस टक्क्यांची रेषा ओलांडली की सरकारी नोकरीत चार टक्के, उच्च शिक्षणात पाच टक्के राखीव जागांचा दरवाजा उघडतो. एसटीच्या भाड्यात पंचाहत्तर टक्के सूट मिळते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला बदलीच्या वेळी ‘विशेष संवर्ग भाग एक’ मध्ये जाता येतं, म्हणजे दुर्गम गाव टळून घराजवळची शाळा मिळू शकते. एकाच कागदात इतक्या कुलपांच्या किल्ल्या असल्या की तो कागद विकणारा आणि विकत घेणारा दोघंही निघतात. कायद्याच्या ९१ व्या कलमात अशा लबाडीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितलेत. तरी धाडस होतं, कारण वर्षानुवर्षं कुणी तपासतच नव्हतं.

२०२५ मध्ये तपासणी सुरू झाली. दिव्यांग कल्याण विभागाचे सचिव तुकाराम मुंढे यांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी करण्याचे आदेश दिले. २०२० मध्ये महापालिका आयुक्त म्हणून नागपूरनं त्यांचा खाक्या पाहिलेलाच होता. जिल्ह्याजिल्ह्यांतून निलंबनाच्या बातम्या येऊ लागल्या आणि पुष्कळांना बरं वाटलं. मलाही वाटलं. ही झाडाझडती हवीच होती.

पण झाडाझडतीचा खर्च कोण उचलतो, तेही पाहायला हवं. आमच्या नात्यातल्या एका शिक्षकाला पुन्हा वैद्यकीय मंडळासमोर उभं राहावं लागलं. त्यांचा पाय लहानपणापासून वाळलेला, कुणालाही दिसेल असा. पहाटे गाव सोडायचं, रुग्णालयातल्या बाकावर बसायचं, नाव पुकारलं की पँट गुडघ्यावर घ्यायची, चालून दाखवायचं. अर्ध्या शतकापूर्वीचा पोलिओ मधल्या काळात बरा तर झाला नाही ना, हे पाहण्यासाठी. मंडळावरचे डॉक्टर नीट बोलले, असं ते आवर्जून सांगतात. तरी परत येताना, ‘चोरी कुणी केली आणि झडती कुणाची चाललीय,’ हा प्रश्न त्यांच्या मनातून जात नव्हता. ज्यानं खोटा दाखला घेतला त्याला पकडलं जाण्याची भीती असते, पण तोवरचे फायदे तरी त्याच्या पदरात पडलेले असतात. खऱ्याला मात्र जन्मभर सोसलेली गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते.

ज्यांचं दुखणं दिसतच नाही, त्यांची गत याहून वाईट. विदर्भाला हे कळायला लांब जावं लागत नाही, कारण सिकलसेल आमच्या घराघरांत आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलची शुक्ला आणि सोलंकी यांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच छापून आली होती. कायद्याच्या यादीत या आजाराला जागा मिळायला २०१६ उजाडलं. त्या एकवीस प्रकारांत सिकलसेल आहे, पण नोकरीतल्या चार टक्क्यांत रक्ताच्या आजारांना वाटा नाही. या रोगात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटताहेत असं वाटायला लावणारी कळ येते. ती ओसरली की माणूस चारचौघांसारखा दिसतो.

माझ्या ओळखीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी अशीच. दोन दिवस कळा सोसून बसनं गावी निघाली होती आणि दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या जागेवर बसली होती. पुढच्या थांब्यावर एक वयस्क गृहस्थ चढले आणि म्हणाले, ‘तुले काय झालं वो पोरी? चांगली तर दिसून राहिली.’ तिनं पर्समधून दिव्यांगत्वाचं पिवळं कार्ड काढून दिलं. गृहस्थांना चष्म्याशिवाय वाचता येईना, त्यांनी ते शेजारच्याला दिलं, त्यानं मोठ्यानं वाचलं, आणखी एकानं हात पुढे केला. कार्ड तिच्याकडे परत येईपर्यंत अर्ध्या बसला तिचा आजार आणि त्याचे टक्के पाठ झाले होते. गृहस्थ ओशाळले. ‘आजकाल खोटे लय निघून राहिले ना बाई, म्हणून विचारलं,’ असं म्हणून उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, त्याच्या वयाला जागेची गरजही असेल. पण कुणा अनोळखी ठकाचं देणं त्या मुलीनं भरबसमध्ये फेडलं. पुढच्या वेळी ती जागा रिकामी असली तरी तिथे बसेल का, याची मला शंका आहे.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत डिस्नेच्या उद्यानांत दिव्यांगांना रांगेविना आत घेणारं कार्ड असे. काही श्रीमंत कुटुंबं दिव्यांग व्यक्तीला पैसे देऊन ‘आपली’ म्हणून सोबत नेतात, अशा बातम्या २०१३ मध्ये आल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ती पद्धत बदलली. थेट प्रवेशाऐवजी, रांग जेवढी असेल तेवढ्या वेळानं परत येण्याची वेळ मिळू लागली. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले आणि ही सोय मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांपुरती ठेवली. मग इतर आजारांचे लोक तक्रार घेऊन न्यायालयापर्यंत गेले. लबाडी श्रीमंतांनी केली आणि रांग दम्याच्या, आतड्याच्या रुग्णांच्या वाट्याला आली.

आपल्या लोकांचं याहून ओळखीचं उदाहरण विमानतळावर सापडतं. अमेरिका-ब्रिटनच्या काही उड्डाणांत जवळजवळ तीस टक्के प्रवासी चाकाची खुर्ची मागतात, असं एअर इंडियानं २०२५ मध्ये सांगितलं. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेल्या नागपूरच्या कितीतरी आई-वडिलांसाठी ही खुर्ची तिकिटासोबतच नोंदवलेली असते. घरी ते सकाळी तलावाला दोन फेऱ्या मारतात. पाय ठणठणीत असतात, भीती असते ती इंग्रजीची, इमिग्रेशनच्या प्रश्नांची, दुबईत गेट चुकण्याची. त्यांना हवा असतो हात धरून नेणारा माणूस, आणि तो फक्त खुर्चीसोबत मिळतो. मग ज्याला खरंच पाऊल टाकता येत नाही, तो विमानाच्या दारात खुर्चीची वाट पाहत बसतो.

या आई-वडिलांना ठक म्हणायला जीभ वळत नाही, आणि प्रश्नाचं मूळ तिथेच आहे असं मला वाटतं. सर्वांसाठीची रांग जिथे माणसाला नकोशी होते, तिथे दुबळ्यांसाठी काढलेल्या दुसऱ्या रांगेत घुसखोरी होणार हे ठरलेलं. लहान मुलं सोडून दुर्गम शाळेत जाणाऱ्या शिक्षिकेची अडचण ऐकून घेणारी खिडकी नसेल, तर ती संवर्ग एकच्या खिडकीकडे पाहणार. याचा अर्थ लबाडीला माफी द्यावी असा नाही. अडचण कितीही खरी असली, तरी ती आपल्याहून अडलेल्याच्या वाट्यातून भागवण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही. पण नुसते पहारे वाढवून ही घुसखोरी थांबणार नाही. पहारा कडक झाला की ठक नवी वाट शोधतो आणि पहारेकऱ्यासमोर उभं राहायला खरा उरतो.

म्हणून तपासणी जिथे दाखला दिला जातो तिथे कठोर असावी. एकदा तो खरा ठरला की बसमध्ये, लिफ्टजवळ, शाळेच्या दारात कुणी पुन्हा तपासू नये. निदान सहप्रवाशानं तरी नाही. दुसरीकडे, जे दिव्यांगांना लागतं ते शक्य तितकं सर्वांसाठीच करावं. पूर्व नागपुरात पारडीला ‘अनुभूती’ या समावेशक उद्यानाची घोषणा २०२३ मध्ये झाली, ती याच विचारानं. दिव्यांग आणि इतर मुलं एकाच झोक्यांवर खेळतील तिथे विशेष दाराची मातब्बरी कमी होते. गांधीबागेतला प्रत्येक ओटा फुटामागे बारा फुटांच्या उतारानं चढता आला, तर गाठींनाही वाट मिळेल आणि मुनीमजींनाही.

तोवर एक हिशोब मात्र लक्षात ठेवलेला बरा. खोटा दाखला उघड झाला की नोकरी जाते, खटला होतो, ती जागा सरकारजमा होते. पण त्या वर्षी यादीत एका नावानं मागे राहिलेल्या खऱ्या उमेदवाराला ती परत मिळत नाही. तोवर त्याचं वय निघून गेलेलं असतं, प्रयत्न संपलेले असतात, आणि ती जागा आपली होती हे त्याला कुणी कळवतही नाही. निलंबनाच्या बातमीत त्याचं नाव येत नाही. नुकसानभरपाईचा विचार कधी झालाच, तर तो या माणसापासून सुरू करावा लागेल.